आत्यानं केलेली लसीची चौकशी

आमच्या आत्याला विचारल्याशिवाय लातूर जिल्ह्यात कुणाचं लग्न जमत असेल यावर माझा विश्वास नाही, आणि जमलंच तर ते टिकत असेल यावर आत्याचा विश्वास नाही. सोयरिकी जुळवणं हा काही तिचा धंदा नव्हे. त्यात तिला साडीचोळीपलीकडं कधी काही मिळालेलं नाही. तिला खरी गोडी आहे ती लग्नाआधीच्या चौकशीची. एखाद्या मुलाचं नुसतं नाव आणि गाव कानावर पडलं की तिचे डोळे बारीक होतात, पदर खोचला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती खिडकीजवळ बसलेली असते. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर उदगीर, निलंगा, देगलूर ही गावं तिला गल्लीतल्या पिठाच्या गिरणीइतकी जवळ वाटायला लागली आहेत.

तिची चौकशी करण्याची रीत ठरलेली आहे. मुलाच्या घरी काहीही विचारायचं नाही, कारण तिथं सगळे गोडच बोलतात. विचारायचं ते इस्त्रीवाल्याला, किराणा दुकानदाराला आणि भिंतीला भिंत असलेल्या शेजारणीला, आणि तेही सरळ नाही. आत्या शेजारणीच्या दारात 'इथं कुठं भाड्यानं खोली मिळती का' म्हणून उभी राहते, पाणी मागते, आत जाऊन टेकते आणि तासाभरानं बाहेर पडते तेव्हा मुलाच्या आजोबांच्या दम्यापासून मुलाच्या मोटरसायकलच्या हप्त्यापर्यंत सगळं तिच्या पदरात असतं. अशा खोल्या बघत तिनं निम्मा मराठवाडा पालथा घातला आहे. एकदा आडत दुकानदाराचं एक चांगलं तालेवार घर तिनं पाचच मिनिटांत मोडीत काढलं. मुलगा बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून एका म्हातारीवर ओरडताना तिला दिसला होता. "कोथिंबिरीवरून एवढा तापतोय, तर भाजीत मीठ कमी पडल्यावर काय करंल?" एवढंच तिनं घरी येऊन सांगितलं. कुणी एखाद्या स्थळाची फारच तारीफ करायला लागलं तर आत्या शांतपणे विचारते, "मग तुमची लेक का दिली न्हाई तिथं?" या प्रश्नावर भल्याभल्यांना खोकला आलेला मी पाहिला आहे. खोकला येणंही तिच्यासमोर धोक्याचंच, कारण घराण्यातली लपवलेली दुखणी काढणं हा तिचा विशेष हातखंडा. तिचं येणं-जाणं असलेल्या घरात लग्नाच्या वयाचं कुणी असलं तर बाकीची माणसं शिंकसुद्धा परसात जाऊन देतात.

स्वतःच्या लेकीच्या वेळी तर ती निलंग्याला ओळखीच्या घरी आठवडाभर मुक्काम ठोकून होती. जावई तिनं अगदी पारखून घेतला, आणि तो खरोखरच चांगला निघाला. आमची ही ताई काही वर्षांपूर्वी पोटाच्या दुखण्यानं गेली. मागं एक मुलगी आहे, ती बापाजवळ निलंग्यालाच असते. त्या विषयावर आत्या बोलत नाही, म्हणून आम्हीही बोलत नाही.

मी नांदेडला एका खासगी कंपनीत नोकरी करते. पंचविशी ओलांडली आहे आणि लग्न व्हायचं आहे, म्हणजे आत्याच्या हिशेबानं मी ऐन कामाचा विषय. गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात एक डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी आम्हा बायकांना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल सांगितलं. तो बहुतेक वेळा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि त्यावर लस आहे. लहानपणी घेतली तर सर्वांत चांगलं, पण तुमच्या वयातही उपयोग होतो, लग्नाआधी घेतली तर उत्तमच, असं त्या म्हणाल्या. ऐकताना सगळं पटलं. खोलीवर येऊन मोबाइल उघडला आणि सगळं विस्कटलं. कुणी म्हणत होतं आजच्या आज घ्या, कुणी म्हणत होतं घेतली तर मूल होणार नाही. मी चपलेचा रंग ठरवायला दुकानात अर्धा दिवस घालवणारी मुलगी. शेवटी आईला फोन केला.

आईनं हळूच विचारलं, लग्न झालेल्या बायकांची असती का ती लस? त्याच सुमाराला माझं उदगीरचं एक स्थळ चाललं होतं. मुलाचा फोटो मी पाहिला होता आणि तो मला आवडला होता. कुणी तुला बायकांच्या दवाखान्यात बघितलं तर आम्ही काय सांगायचं, हा आईचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर डॉक्टरीणबाईंच्या भाषणात नव्हतं. चिडावं की घाबरावं हे मला कळेना. आपण आक्कांना, म्हणजे आत्याला, विचारू, असं आईच म्हणाली आणि मी लसीची आशा सोडली. शिंकेवरून सोयरीक मोडणारी बाई लग्नाच्या पोरीला असल्या दवाखान्यात कशी पाठवेल?

आत्यानं सगळं ऐकून घेतलं, लस येती कुठून एवढं विचारलं आणि निघून गेली. पुढं पंधरवडाभर तिचा पत्ता नव्हता. नंतर कळलं की ती स्थळाची करावी तशी लसीची चौकशी करत होती. ती लातुरातल्या दोन औषध दुकानदारांकडं जाऊन आली, एका शाळेच्या बाईंकडं जाऊन आली आणि एके दिवशी मला न कळवता थेट नांदेडला उतरून त्याच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत बसली. रांगेतल्या बायकांची लग्नं, बाळंतपणं आणि सासवा तिच्या माहितीत जमा होईपर्यंत तिचा नंबर आला. काय होतंय, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मला काय झालं न्हाई, बाई," आत्या म्हणाली. "तुमी लोकाच्या लेकींना लस द्या म्हणताव. तुमच्या लेकीला दिली का?"

डॉक्टरीणबाई हसल्या म्हणे. त्यांची मुलगी आठवीत होती आणि तिचे दोन्ही डोस झाले होते. यावर आत्यानं, मग आमच्या पोरीला तीन डोस कामून सांगितले, असा जाब विचारला. पंधराच्या आत असलं की दोन पुरतात, मोठ्या मुलींना तीन लागतात, सहा महिन्यांत पुरे होतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करत राहावी लागते, हेही सांगितलं. मूल न होण्याची गोष्ट खोटी आहे, हे आत्यानं त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. एवढ्यावर समाधान मानलं तर ती आत्या कसली. बाहेर येऊन तिनं दवाखान्यातल्या आयाबाईला गाठलं आणि डॉक्टरीणबाईंच्या मुलीनं लस खरंच घेतली का, याची खातरजमा केली. मग ती माझ्या खोलीवर आली, मी केलेली खिचडी जेवली, हात धुतले आणि म्हणाली, "घे. अन् लौकर घे." कारण विचारलं तर तिनं खिचडीत हळद जास्त झाल्याचं सांगितलं.

आक्कांनी हो म्हटल्यावर आईला बोलायला जागा उरली नाही. गाजावाजा करायचा नाही, एवढीच अट पडली. कुणी हटकलंच तर अंगात रक्त कमी आहे म्हणून जाते असं सांगायचं, हे उत्तर आत्यानंच मला पढवलं. पहिला डोस घेतला, दुसरा घेतला. दंड एक-दोन दिवस दुखला, याखेरीज सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दुसऱ्या डोसनंतर उदगीरची माणसं मला बघायला लातूरला आली. मुलगा, त्याचे आईवडील आणि त्याची मावशी. त्या मावशीनं दारातून आत येताना आमच्या भिंतीपासून पायपुसण्यापर्यंत जी नजर फिरवली, तिच्यावरून आत्यानं ओळखलं की ही आपल्यातलीच आहे. पोहे झाले, माझं शिक्षण-पगार विचारून झालं. मग मावशीनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पोरगी नांदेडला बायकांच्या दवाखान्यात जाती असं कळलं आमाला. दोनदा दिसली म्हणं."

आईच्या हातातला ट्रे थांबला. मी पढवलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या बोलली.

"जाती. लस घ्यायला जाती. मीच धाडलंय."

कसली लस, मावशीनं विचारलं. आत्यानं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं नाव घेतलं. खोलीतल्या पुरुषांनी जमिनीकडं बघायला सुरुवात केली.

"लग्नाच्या आधीच?" मावशी म्हणाली. "घराण्यात हाय का काय तसलं?"

हा प्रश्न आत्यानं आजवर शेकडो घरांबद्दल विचारला असेल. तिनं पदर सारखा केला.

"घराण्याचं दुखणं न्हाई ते, कुणालाबी होतंय. पण माझी लेक त्यानंच गेली. पोटाचं दुखणं म्हणून मी सांगत फिरले, पोटाचं काय न्हवतं. लई दिवस अंगावरनं जात होतं तिच्या. लाजंपायी तिनं मला सांगितलं न्हाई, अन् ती गेल्यावर मी कुणाला सांगितलं न्हाई."

पाहुणे चहा पिऊन उठले. चपला घालताना मावशी माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात तिनं दवाखाना नांदेडला नेमका कुठं आहे ते विचारलं. तिची धाकटी बावीस वर्षांची होती. मी पत्ता सांगितला. पुढं आठवडाभरानं पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका आधीच जुळली होती. मला वाईट वाटलं, आणि ते बरेच दिवस गेलं नाही.

पण त्या दुपारी मला स्थळाचं काही सुचत नव्हतं. आत्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून उरलेले गार पोहे खात होती. आई तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आक्का, निदान मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू मला रडू दिलं असतंस," आत्या म्हणाली. "मग लोकाला कळलं असतं. उद्या नातीला बघाय माणसं येतील. शेजारीपाजारी इचारतील, तिची माय कशानं गेली. ह्या लोकाला मी वळखते. मी तसलीच हाय."

बोलता बोलता तिचा घास हातातच राहिला. उदगीरच्या माणसांसमोर आपण काय बोलून बसलो, हे तिला बहुधा तेव्हाच नीट कळलं. त्या मावशीच्या तोंडून ते निलंग्याला पोचायला किती वेळ लागणार, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला तिची फार दया आली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आता कळू दे," आत्या शेवटी म्हणाली. "नात तेरा वर्साची हाय. जावयाला मी सांगते. दिवाळीला घेऊन येते तिला नांदेडला. हिचा तिसरा अन् तिचा पहिला, संगंच देऊ."

आणि मग ती ताईबद्दल बोलायला लागली. ताई लहानपणी शेंगदाण्याची चटणी चोरून खायची, भांडण झालं की दारामागं जाऊन उभी राहायची, सासरी निघताना तिनं आत्याचं जुनं लुगडं मागून घेतलं होतं. आईनं चहा दोन वेळा गरम केला आणि तो दोन्ही वेळा गार झाला. आत्या बोलत राहिली, आणि मधेच थांबून मला म्हणाली, "तिला इंजेक्शनाची लई भीती वाटायची, पण तिनं हे घेतलं असतं. मी संग गेले असते तर घेतलं असतं."