मधुकररावांचा पीपी नंबर

हेडफोन दुसऱ्याच्या कानाला लावण्याआधी मधुकरराव तो शर्टाच्या टोकाने पुसत. माइकमध्ये ट्रंक कॉल असल्यासारखे ओरडून बोलत. पलीकडचा चेहरा पडद्यावर आला की दुकानाबाहेर जाऊन उभे राहत, कुणाच्या घरचं कानावर पडू नये म्हणून.

सिंदी रेल्वे या गावात त्यांचं एसटीडी बूथ होतं. मोबाइल आले तसं ते बसलं. त्याच जागेत त्यांनी कॉम्प्युटर आणला, पण सवय बूथचीच राहिली. ज्यांच्या घरी फोन नसे त्यांना पूर्वी बूथचा नंबर पीपी म्हणून चालायचा. फोन आला की मधुकरराव माणूस बोलावून आणत. याहू मेसेंजरवरही त्यांनी तेच केलं. साऱ्या गावाला मिळून एकच नाव, त्यांचं स्वतःचं. दुबईत, अमेरिकेत गेलेली पोरं त्या नावावर आईबापाला गाठत.

२००७च्या उन्हाळ्यापर्यंत हे चाललं. मग कुणी गुगल टॉकवर गेलं, कुणी स्काइपवर. एकीकडचा माणूस दुसरीकडे दिसेना. आनंदाबाईंचा मुलगा निकेशही असाच याहूवरून नाहीसा झाला. त्याने शहर बदललं होतं. जुना फोन बंद होता, मेलला उत्तर नव्हतं.

आनंदाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. उरलेल्या नजरेत त्यांना एकदा पोराचं तोंड पाहायचं होतं. दर रविवारी त्या येऊन बसत.

"काऊन जी मधुकरभाऊ, आज बी नाई आला?"

"त्यानं दुकान बदलवलं, बाई. ह्या मोठ्या कंपन्या स्टँडवरच्या काळीपिवळीवाल्यायवानी सवारी ओढून राह्यल्या."

"सवारी घरी सांगून तं जाते. माह्या पोरानं तेही नाई सांगतलं."

"मी हुडकतो त्याले."

"लवकर हुडका. मले आता तुमची मिशीच दिसते, तोंड नाई दिसत."

मधुकररावांनी स्काइप घेतलं. तिथे निकेश शेकड्यांनी होते. त्यांनी त्याच्या मित्रांना विचारलं, नातेवाइकांना विचारलं. शेवटी त्याच्या नागपूरच्या मामेबहिणीकडून, छायाकडून, एका शनिवारी सकाळी त्याचं नवं नाव मिळालं. मधुकररावांनी लगेच आनंदाबाईंना निरोप धाडला: उद्या नऊ वाजता येजो.

दुपारी ते निकेशला लिहायला बसले. तीनच्या सुमारास शेजारचा पानठेलेवाला नत्थू सुटे मागायला आला. मधुकररावांचं कपाळ कीबोर्डवर टेकलेलं होतं. डॉक्टर आले, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मधुकरराव चौपन्न वर्षांचे होते.

पडद्यावर मराठी मजकूर होता, इंग्रजी अक्षरांत. 'निकेश, मी सिंदीचा मधुकरकाका. आईची नजर चालली. उद्या नऊला तिला इथे बसवतो. कॅमेरा चालू ठेव आणि जरा जवळ'

पुढे एकाच अक्षराची लांब रांग होती.

चारला लोडशेडिंगमुळे वीज गेली आणि पडद्यावरचा मजकूरही. निकेशला ते पाठवायचं राहिलं.