पाडव्याचा नमस्कार

गणपतीचं मखर माळ्यावरून काढताना बाबा शिडीवरून पडले, ते नेमके पाठीवर, उंबऱ्यावर. हातातलं मखर त्यांनी सोडलं नाही. मखर धड राहिलं आणि माणूस मोडला. त्या मखराचं मी पुढे तोंड पाहिलं नाही.

मी लश्कर भागातल्या एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते, हिंदीतून. पाठीचा कणा फळ्यावर काढून काढून हाताला सवय झालेली. त्यामुळे इस्पितळात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला तेव्हाच मला कळलं. मणक्यांच्या पोकळीतून करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू खाली येतो. मेंदूचे हुकूम त्यातूनच पायांपर्यंत जातात आणि पायात काटा बोचल्याची खबर त्यातूनच वर येते. बाबांचा पाठीच्या मधला एक मणका चुरा होऊन त्या रज्जूत घुसला होता. तिथून खाली ना हुकूम, ना खबर. डॉक्टर म्हणाले, हे पुन्हा सांधत नाही. चाकांची खुर्ची घ्या, निदान अंगणात तरी बसतील.

आईने खुर्चीचं नाव काढू दिलं नाही.

"खुर्ची घरात आली की माणूस तिच्यातच राहतो. हे चालतील. मी देवीला बोलली आहे, किला गेटवरून दोघं पायी वर दर्शनाला जाऊ."

बाबांचे बूट ती रोज पुसून दाराशी ठेवायची. बाबा मात्र पलंगावर पडल्या पडल्या खिडकीतून कडुनिंबाचा शेंडा बघत राहायचे. मला आईचा संताप यायचा, आणि बूट दिसले की रडू यायचं.

दसऱ्याला संध्याकाळी भाची सोनं द्यायला आली. आपट्याची पानं बाबांच्या हातात ठेवून ती पायांशी वाकली. बाबांनी तिचं वाकलेलं डोकं पाहून हात वर केला, आणि तेवढ्यात त्यांचा उजवा पाय टाचेपासून उडाला.

"आजी! पैर हिला! कसम से, आजोबांचा पैर हिला!"

आई हातातलं ताट तसंच टाकून धावली. तिने पायाला हात लावला. पाय पुन्हा उडाला. "मी बोलत होती ना!" म्हणत ती रडलीही आणि हसलीही. माधवगंजातल्या हलवायाकडून पेढे आले, गल्लीभर वाटले गेले. बाबा स्वतःच्या पायाकडे शेजाऱ्याच्या पोराकडे बघावं तसे बघत होते.

आणि मला धडा तोंडपाठ. तापल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर कळतो. मज्जारज्जू मेंदूला न विचारता ते काम परस्पर उरकतो. तुटल्या जागेच्या खालचा त्याचा भाग जिवंतच असतो. काही आठवडे गप्प राहतो, मग परस्पर कारभार सुरू करतो. पायाला स्पर्श झाला, पाय उडाला, आणि मेंदूच्या ते गावीही नाही. वर्गात पोरं गुडघ्यावर टिचकी मारून खिदळतात तो हाच प्रकार. मी पेढा तोंडात घातला.

त्यानंतर आई येईल त्याला पाया पडायला लावायची. पाय हलला की माझ्याकडे विजयाने बघायची. दोनदा मी सांगायला तोंड उघडलं. "तू जास्तच शिकलीस," एवढंच ती म्हणाली.

दिवाळीच्या पाडव्याला आईने बाबांना ओवाळलं. ती जरीची साडी नेसली होती. दरवर्षी बाबा तिला "अष्टपुत्रा हो" म्हणून चिडवायचे आणि ती "पुरे आता, वय बघा" म्हणायची. निरांजनाच्या धुराने बाबांचा चष्मा काळवंडला होता. तो काढून ते मान खाली घालून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. तेवढ्यात आई पायथ्याशी गेली आणि दोन्ही हातांनी पाय धरून तिने डोकं टेकवलं. पाय उडाला. आई उठून उभी राहिली, आशीर्वादाची वाट बघत.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्याकडे बघून मिस्कील हसले.

"काय हो बाईसाहेब, यंदा नवऱ्याला नमस्कार नाही वाटतं? पाय गेले म्हणून मान पण गेला?"

आई हलली नाही. तिच्या हातांना त्यांच्या पायांचा स्पर्श अजून असणार. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं, आणि त्या बघण्यात विजय नव्हता. मला वाटलं, आत्ता ती सांगेल, की केला होता.

"राहिलाच बघा," ती म्हणाली. "कामाच्या गडबडीत."

ती पुन्हा वाकली. या वेळी बाबा बघत होते. पाय पुन्हा उडाला, पण आईने तिकडे लक्ष दिलं नाही.

"अष्टपुत्रा हो," बाबा म्हणाले.

"पुरे आता, वय बघा."

ताट घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. निरांजन विझवून ती ओट्याला धरून उभी होती, पाठमोरी.

"ती चाकांची खुर्ची," ती म्हणाली, "पडावच्या दुकानांत मिळते का गं?"