कमानीला माझी हरकत

बारामतीच्या डॉक्टर मॅडमनी माझ्या छातीचे फोटो उजेडासमोर धरले आणि एकेक निरखून बघितला. मग म्हणाल्या, "आबा, तुमच्या फुप्फुसांना वण पडलेत. कोविडचे आहेत." मी म्हणालो, कोविड होऊन दोन वर्षं झाली की. त्यावर त्या म्हणाल्या, "कोविड गेला. वण राहिले."

या आजाराला पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात. फुप्फुस मऊ असतं, श्वासाबरोबर फुगतं आणि बसतं. वण पडलेली जागा कडक होते आणि तिथून ऑक्सिजन रक्तात नीट जात नाही. ज्या तपासणीत हे कळलं ती एचआरसीटी, म्हणजे छातीचे बारीक बारीक काप केल्यासारखे फोटो. दुखत नाही. मशीनमध्ये आडवं पडायचं आणि सांगतील तेव्हा श्वास रोखायचा. मला तेवढंही जमेना, दोनदा खोकला आला आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

हे मी हौस म्हणून लिहीत नाही. जिना चढताना जे मध्येच थांबतात आणि कुणी बघितलंच तर वाकून चप्पल नीट करायला लागतात, त्यांच्यासाठी लिहितोय. मी चप्पल दीड वर्ष नीट केली.

माझा धंदा आवाजाचा. इंदापूरच्या बाजारात डाळिंबाच्या लिलावाचा पुकारा मी तीस वर्षं केला. ढीग कुणाचा, माल कसा, भाव कितीवर आला, सगळं एका दमात. दम लागायला लागला तेव्हा मी आधी वयाला दोष दिला, मग बाजारातल्या धुळीला, मग बायकोच्या फोडणीला. शेवटी एका सकाळी "एक बार, दोन बार" म्हणालो आणि तीन बार काही तोंडातून निघेना. व्यापारी हसले. त्यांना वाटलं, भाव चढावा म्हणून मी मुद्दाम थांबलोय. घरी आल्यावर सुशीलानं, म्हणजे त्याच फोडणीवालीनं, मला बारामतीच्या बसमध्ये बसवलं.

मग तपासण्या सुरू झाल्या. सिक्स मिनिट वॉक टेस्ट म्हणजे दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालायचं आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा. तो चौऱ्याण्णवच्या वर हवा. चौथ्या मिनिटाला माझा शहाऐंशीवर आला आणि मला खुर्चीवर बसवलं. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर चार माणसांनी आपल्याकडे बघावं यावरच पोट भरलं, पण त्या दिवशी लाज वाटली.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. "वण जाणार नाहीत. पण जेवढं फुप्फुस चांगलं आहे त्याच्याकडून काम करून घेता येतं. त्यासाठी आठवड्यातून तीनदा व्यायाम, ऑक्सिजन लावून, आमच्या नजरेसमोर. सोडलात तर हळूहळू घरातल्या घरात चालणंही अवघड होईल." याचं नाव पल्मनरी रिहॅबिलिटेशन. औषधं होतीच, पण खरा भर यावर.

आता आमचं गाव बारामती आणि इंदापूर यांच्या मधलं, छोट्या नगरपालिकेचं. नाव लिहीत नाही, कारण पुढं ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं रोज चहाला भेटतात. तिथून बारामतीला जायचं तर खांद्याला छोटं सिलिंडर, नाकात नळी, शेजारी सुशीला. भवानीनगरजवळ उसाच्या ट्रॅक्टरांमागं बस अडकली की माझी नजर सिलिंडरच्या काट्यावर. अर्धा तास व्यायाम आणि त्यापायी सगळा दिवस खलास. परतल्यावर संध्याकाळपर्यंत मी निपचित पडलेला. दोन महिन्यांनी मी आठवड्यातून एकदाच जायला लागलो, मग तेही बंद केलं. सुशीला भांडली, रडली. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मी हरलो होतो.

अशात नगरपालिकेनं भोंग्यावरून पुकारलं. कोविडसाठी आलेल्या निधीतला काही भाग शिल्लक होता आणि तो लोकांच्या गरजेसाठी खर्च करायचा होता. चौकात स्मृतिकमान बांधायची, तिच्यावर कोविडमध्ये गेलेल्या सगळ्यांची नावं कोरायची, खाली कारंजं, असा प्रस्ताव होता. नागरिकांनी बैठकीला यावं आणि आपलं मत सांगावं.

त्या नावांत माझा धाकटा भाऊ विलास होता. दुसऱ्या लाटेत पुण्याच्या दवाखान्यात नेला आणि तिकडंच संपला. घरी आणताच आलं नाही. त्याच्या बायकोला, मंगलला, त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. कमानीचं कळल्यापासून तिनं दोनदा नगरपालिकेत जाऊन विलासच्या नावातली वेलांटी दीर्घ नाही ना, हे तपासून घेतलं होतं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. कोविडमध्ये आलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन गोळा करून नळीनं देणारी यंत्रं, नगरपालिकेच्या गोदामात प्लास्टिक घालून पडली होती. वाचनालयाचा खालचा हॉल रिकामा होता. व्यायाम करून घेणारी फिजिओथेरपिस्ट आणि जागेवरच मारायच्या दोन सायकली मिळाल्या, तर बारामतीला जायची गरजच काय? पण हे मंगलसमोर कुठल्या तोंडानं बोलायचं? बैठकीच्या दिवसापर्यंत माझं ठरत नव्हतं.

शेवटी गेलो. मुख्याधिकारी साहेबांनी प्रस्ताव वाचला आणि विचारलं, "मंजूर समजायचं?" ओरडून बोलायला मला दम नव्हता, म्हणून मी उठून हात वर केला. तीस वर्षं लिलावात काढलेल्या माणसानं करायची चूक नव्हे ही. आमच्याकडं हात वर म्हणजे माल घेतला. कारकुनानं अनुमोदक म्हणून माझं नाव लिहून टाकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रांगेतल्या मंगलनं मागं वळून माझ्याकडं इतक्या मायेनं बघितलं की मला खाली बसावंसं वाटलं.

बसलो नाही. खुर्ची धरून उभा राहिलो. "न्हाय," म्हणालो. "माझी... हरकत हाय."

पुढचं बोलायला मला फार वेळ लागला. तीन शब्द बोलायचे, थांबायचं, श्वास घ्यायचा. "कमान नंतर बांदा. आदी... जे राह्यल्यात... त्यांचं बगा. मला बारामती... झेपत न्हाय." यंत्रांचं आणि वाचनालयाच्या हॉलचंही सांगितलं. ज्या माणसाचा आवाज बाजाराच्या फाटकापर्यंत जायचा, त्याला एक वाक्य पुरं करता येत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मला ते लपवायचं नव्हतं.

साहेब म्हणाले, असे किती आहेत? मागून एका तात्यांनी हात वर केला. मग लोणी देवकरला कारखान्यात कामाला जाणारी एक बाई उठली, तिला शिफ्टच्या शेवटी खुर्चीतून उठवत नव्हतं. मग आणखी चौघं. रोज दिसणारी माणसं. सगळ्यांनीच आपापली चप्पल नीट केली होती.

पुढं दोन बैठका झाल्या आणि निधी हॉलकडं वळला. नगरपालिकेचे मी मनापासून आभार मानतो. केलेला ठराव मागं घ्यायला मन मोठं लागतं. पण मंगलनं माझ्याशी बोलणं टाकलं. सुशीलाकडून डबा यायचा-जायचा, मी दारात दिसलो की ती आत जायची. तिचा राग मला पटत होता. म्हणून जास्तच लागत होता.

हॉल सुरू झाला. फिजिओथेरपिस्ट मॅडम आठवड्यातून तीन दिवस येतात. पहिला धडा पर्स्ड लिप ब्रीदिंगचा: नाकानं श्वास घ्यायचा आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायचा. आम्ही पुकारेवाले हवा गपकन गिळून भडाभडा फेकणारे. ती खोड मोडायला मला महिना लागला. सायकल पहिल्या दिवशी दोन मिनिटं मारली, आता वीस मारतो. परवाच्या वॉक टेस्टला सहाही मिनिटं चाललो, चिमटा एक्क्याण्णवच्या खाली गेला नाही. मी बरा झालेलो नाही. पुकारा पुन्हा करेन असं वाटत नाही. पण अंघोळ माझी मी करतो, भाजी आणायला जातो, सुशीलाशी न थांबता भांडतो. तुमच्यातल्या कुणाचा असा दम जात असेल तर फोडणीला दोष देत बसू नका, बोटाला चिमटा लावून बघा.

हॉलला नाव द्यायचं ठरलं तेव्हा, हॉल मी मागितला म्हणून, सगळ्यांनी माझ्या भावाचं, विलासचं सुचवलं. मलाही आनंद झाला. मंगलची संमती घ्यायला साहेब स्वतः तिच्या घरी गेले. ती संमती द्यायला तयार नव्हती. साहेबांना सोबत घेऊन ती तशीच हॉलवर आली. आम्ही सहा-सात जण नळ्या लावून बसलो होतो. तिनं एकेकाकडं बघितलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आबा, हितं जगायला येत्यात मानसं. दारात मेलेल्याचं नाव वाचून आत यायचं व्हय त्यांनी?"

मग साहेबांना म्हणाली, "नाव नको. टायमिंग लिवा नुस्तं."

पाटीवर तेवढंच आहे. सकाळी आठ ते बारा.