हसऱ्या चेहऱ्याला टाळ्या

सदर नावाच्या वस्तीतल्या आमच्या सेंटरमध्ये अभ्यासात अडखळणारी मुलं येतात, आणि किस्से असे साचतात की फाइलींतलं विसरायला होतं पण ते विसरत नाहीत. बरेचसे आमच्याच फजितीचे! मुलाचं मन दुखत असलं तरी आपण खापर फोडतो त्याच्या अभ्यासावर.

*

आर्यनचं पोट दर मंगळवारी दुखायचं. सोनोग्राफी झाली, जंतांचं औषध झालं. आमचे वानखेडे सर म्हणाले, "नाटकं करून राहिला पोट्टा!"

मी टाइमटेबल त्यांच्यापुढे धरलं. मंगळवारी सरांचाच तास, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा! सर त्याला एकट्याला जवळ बसवून वाचून घेऊ लागले आणि पोट दुखायचं थांबलं.

"म्हंजे जंत मीच होतो का जी?" सर म्हणाले.

*

प्रणाली दहा वर्षांची, कुही गावाहून यायची. हळूहळू डबा न उघडताच परत नेऊ लागली, बोलणंही बंद झालं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "एकाग्रता कमी." काय हुशारी माझी! आजही लाज वाटते.

*

शेवटी तिच्या आईला बोलावलं. घरी काही झालं का?

"काहीच नाई, मॅडम. मोठीचं लग्न झालं, मौद्याले गेली, बस."

दोघी बहिणी एकाच अंथरुणात झोपायच्या. ताई आता तिकडेच राहणार, हे प्रणालीला कुणी समजावलं होतं का?

"तिले काय समजते!"

मी चांगलीच सुनावणार होते. तेवढ्यात माझं रजिस्टर आठवलं आणि गप्प बसले.

*

मुलांचं मन कळावं म्हणून आमच्याकडे रोज सकाळी प्रत्येकजण फळ्यावर आपल्या नावापुढे एक चेहरा लावतो. हसरा, रडका किंवा रागावलेला. त्या सगळ्या दिवसांत प्रणालीचा चेहरा हसरा, आणि बाकीच्यांचाही! मी आर्यनला विचारलं, "तुम्ही सगळे रोज हसराच कसा रे लावता?"

"हसरा लावला की तुम्ही टाळ्या वाजवता ना, मॅडम!"

घ्या! वर्षभर आम्हीच मुलांना खोटं बोलायला शिकवत होतो.

*

दुसऱ्या दिवसापासून टाळ्या बंद. तीन दिवस प्रणालीने हसरा लावला आणि आमच्याकडे बघत राहिली. चौथ्या दिवशी तिने रडका उचलला आणि आपल्या नावापुढे नीट दाबून बसवला. मला भरून आलं.

प्रणाली आमच्याकडे वळली.

"आज खराखुरा लावला, मॅडम. टाळ्या काहून नाई वाजवून राहिल्या?"