भिंतीला पाणी मारताना

ओल्या सिमेंटचा वास आला की मला पलूसजवळचा आमचा नदीकाठ आठवतो. महापुरात गल्ली बुडाली म्हणून तिथं काठाला भिंत बांधली होती. तिचं सिमेंट नीट आवळावं, पक्कं व्हावं म्हणून चुलते रोज तिच्यावर ओली पोती टाकून पाणी मारायचे. ऐन उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी पाइप बंद केला आणि त्या शांततेत भिंतीमागून आवाज आला, बारीक नखांनी कुणी दार खरवडावं तसा. चुलतीनं भिंतीला कान लावला नि तिचा चेहरा उतरला. "आवं, कासवाची पिल्लं हायती. पाऊस आला आसं वाटून वर निघाल्यात." काठाच्या मातीत कासवं अंडी घालतात आणि माती भिजली की पिल्लं वर येतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्याच मातीवर भिंत घालताना मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. "फोडूया का भिंत?" मी विचारलं. "आन् पूर आला मंजी?" चुलते म्हणाले आणि त्यांनी पाइप पुन्हा सुरू केला. पाणी पडत असलं की आवाज ऐकू येत नव्हता. आज मी माझ्या नव्या घराच्या भिंतींवर पाणी मारते आहे. भिंती कधीच भिजून निथळायला लागल्यात, पण पाइप बंद करायचा धीर होत नाही.