फ्लाय-इनला एकही विमान उतरलं नाही

मागच्या शनिवारी सकाळी मी लंडनजवळच्या एका शेतात हातात नारिंगी झेंडी घेऊन उभी होते. लंडन म्हणजे आमचं ओंटारिओतलं. आणि वर आकाशच नव्हतं... उत्तरेकडच्या जंगलांमध्ये आगी लागल्यात, त्याचा धूर खाली येऊन बसला होता.

इथे लोक घरी विमान बांधतात. खरंखुरं, आत बसून उडवायचं. गॅरेजमध्ये, वीकेंडला, वर्षानुवर्षं. आणि मग ही सगळी घरगुती विमानं देशभरातून उडत एका गवताच्या रनवेवर जमायची, शेजारी तंबू लागायचे. त्याला फ्लाय-इन म्हणतात. इथलं हे मोठं फ्लाय-इन मधे काही वर्षं बंद पडलं होतं. ते परत सुरू करायचा ध्यास पीटर अंकलनी घेतला.

अंकल म्हणजे माझे घरमालक, मूळ वसईचे. मी वॉनमधली वेअरहाऊसची नोकरी सोडली (कॉलेज त्याआधीच सुटलं होतं, तो विषय नको), तेव्हा ते म्हणाले, "बेसमेंटमध्ये लोळत काय पडतेस? चल, गवत काप." मग उन्हाळाभर मी रनवे कापला. मधेच शेजारच्या शेतातल्या शेळ्या दिसल्या की मी मशीन सोडून तिकडे. अंकल लांबून ओरडायचे, "ए पोरी, शेळी उडत नाही! इकडे ये!"

रनवे ज्यात आहे ते शेत कार्लचं. म्हातारा, गुडघे गेलेले, रनवे मोडून पेरणी करू म्हणून मुलगा मागे लागलेला. त्याने स्पष्ट सांगितलं होतं... या वेळी विमानं आली तर रनवे ठेवतो, नाहीतर पुढच्या वसंतात या टोकापासून त्या टोकापर्यंत सोयाबीन. वाईट माणूस नाही तो. पण एकदा बोलला की बोलला.

आणि त्याच दिवशी हा धूर. सकाळपासून अंकलचा फोन वाजत होता. कुणी निघालंच नाही, कुणी अर्ध्यातून मागे फिरलं. मर्लिन आंटीने, म्हणजे अंकलच्या बायकोने, फुगे तळून आणले होते... वसईकडचे गोल, टम्म, जरासे गोडसर. डबे भरून. खायला आम्ही आणि गाडीने आलेले थोडे म्हातारे.

आशा राहिली एकच, नितीनदादाची. हा नागपूरचा, कनाटाला टेलिकॉममध्ये. याने विमान बेसमेंटमध्ये बांधलं, आणि झाल्यावर लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघत नाही! शेवटी भिंत फोडली. वहिनींचं अजून ऐकून घेतो.

विमानांशी बोलायचा छोटा रेडिओ अंकलकडे होता. कार्लला समजवायला जाताना त्यांनी तो माझ्या हातात दिला. "नुसतं ऐकायचं. कॉल आला तर मला हाक मार. बोलायचं नाही."

थोड्या वेळाने रेडिओ खरखरला. "अंकल, नितीन बोलतोय. जवळ आलोय. खाली कसं आहे?"

मी अंकलकडे बघितलं, ते लांब होते. सगळ्यांच्या माना वर. कार्लचीसुद्धा. मी बटण दाबलं. "नितीनदादा, ये लवकर! सगळे वाट बघतायत. आंटीचे फुगे गार होतायत!"

तो हसला. "आलोच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग इंजिनचा आवाज आला, अगदी खाली, पण विमान कुठेच दिसेना. आवाज सायलोच्या बाजूने येत होता. धान्याचा तो उंच गोल टॉवर, रनवेच्या टोकालाच आहे.

अंकल धावत आले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. रेडिओ हिसकावला.

"नितीन, वर जा. आत्ता."

"अंकल, अर्धा रनवे दिसतोय..."

"अर्धाच ना? मग वर जा. किचनरच्या विमानतळावर मोकळं आहे, तिकडे उतर."

"पण मी नाही उतरलो तर तुमचं फ्लाय-इन..."

"मेल्या, वर जा म्हणतो ना!"

आवाज जरा वेळ तिथेच लटकला. मग बारीक होत गेला... गेला. कार्लने टोपी काढली, परत घातली आणि तो घराकडे वळला.

मला वाटलं आता मी बोलणी खाणार. पण अंकल गवतावर बसले. म्हणाले, "फ्लाय-इन बंद पडलं ना, त्या शेवटच्या वर्षी आमच्यातला एक, डग, असाच विमान घेऊन आला होता. धुकं होतं. कुणीतरी रेडिओवर मस्करी केली, ये रे, कॉफी गार होतेय. एवढे लोक वाट बघतायत, त्याला परत जाववलं नाही."

सायलोच्या एका अंगाला नवा पत्रा आहे. उन्हाळाभर मी तो बघत होते, वाटायचं वादळात वगैरे उडाला असेल.

मस्करी कुणी केली होती, ते मी विचारलं नाही.

दुपारी नितीनदादा किचनरहून टॅक्सीने आला. सरळ डब्यांकडे गेला. एक डबा उघडून फुगा तोंडात टाकला. "खरंच गार झालेत की," म्हणाला. आंटी रडायलाच लागली.

संध्याकाळी आम्ही झेंड्या गुंडाळल्या. कार्ल सॉरी म्हणाला, अंकल म्हणाले, शेत तुझं आहे. फ्लाय-इन काही परत होणार नाही आता... पुढच्या वर्षी तिथे सोयाबीन असेल.

अंकल फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे वाचणार नाहीत. तरी थँक यू, अंकल. रेडिओचं ते बटण त्या दिवसानंतर मी परत दाबलेलं नाही.

धूर अजून हटलेला नाही. नितीनदादाचं विमान किचनरलाच उभं आहे, अख्खं. तो पण तिकडेच एका मित्राकडे थांबलाय. अंकल रोज सकाळी त्याला फोन करतात आणि रोज तेच सांगतात... घाई करू नकोस रे, इकडे कुणी वाट बघत नाहीये.