रस्त्याचा वाढदिवस

आमच्या समोर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू बोलण्याआधीच हसतात. अंबरनाथकडे जाणारा आमचा रस्ता खणून ठेवलेला होता. काम संपायची तारीख उलटली की फलकावर नवी तारीख आणि वाढीव खर्च रंगवला जायचा. आम्ही नुसते चरफडायचो.

फलकावरची पहिली तारीख उलटून वर्ष झालं त्या दिवशी काकूंनी फलकासमोर टेबल मांडून केक ठेवला आणि रस्त्याच्या कामावरच्या इंजिनिअरसाहेबांना हाताला धरून आणलं.

"साहेब, टेन्शन नका घेऊ. उशीर किती झाला, खर्च किती वाढला न् कशापायी, तेवढं सांगा, मंग कापा!"

साहेब आधी चिडले. मग जमलेली गर्दी हसली तसं त्यांनाही हसू आलं. नकाशात नसलेली पाण्याची जुनी लाइन खाली निघाली, ती हलवण्यातच वर्ष गेलं आणि खर्च दीडपट झाला, असं त्यांनी सांगितलं.

"मंग ह्ये लिहा की फलकावर!"

दुसऱ्या दिवशी पेंटरने मूळ तारीख, मूळ खर्च आणि उशिराचं कारण, सगळं रंगवलं.

मागच्या आठवड्यात त्या रस्त्यावरून पहिली बस गेली. काकू पीठभरल्या हातांनी धावत बाहेर आल्या आणि लग्नाची वरात बघावी तशा तिच्याकडे बघत राहिल्या.